पोटात घातलेलं

आई कालवं उघडते किलोवर,
मी उघडते नगावर.

तिची शेड टोंगयोंगच्या धक्क्याला.
पहाटे चारला दिवे लागतात,
पस्तीस बायका फळीशी उभ्या,
रबरी हातमोज्यांच्या आत लोकरीचे हातमोजे,
आणि सुरी बिजागरीत शिरताना
तो बारीक आवाज, सुपारी फुटावी तसा.

माझी प्रयोगशाळा दोन टेकड्यांपलीकडे.
तिथे हीटर आहे, गप्पा नाहीत.

एवढ्याशा जिवात काय बघतेस गं दिवसभर?
आतडं, मी म्हटलं.
मालजामावशी सुरी खाली ठेवून हसल्या:
आतडं! आम्ही तर ते अख्खंच विकतो.

खरं आहे.
कालव समुद्र आत घेतं, गाळतं, सोडतं,
जे येईल ते पोटात घालतं.
नाही म्हणायला त्याच्यापाशी
फक्त मिटणं आहे,
आणि मिटून किती दिवस जगणार?

त्या पोटात वस्ती असते.
कुणी शेवाळ फोडून देतं,
कुणी परक्या रोगाला दारातच अडवतं,
कुणी काय करतं ते अजून कुणालाच ठाऊक नाही.
आईला म्हटलं, किमचीच्या रांजणात असतात ना, तसलेच.
आपण मीठ घालतो, मुरवतात ते.
आता समज, रांजणात कुणी थर्माकोल चुरला.
आई थांबली.
ते मुरायचं नाही, म्हणाली.

साठ अंशांवर, पोटॅशच्या पाण्यात,
दोन दिवसांत कालव विरघळतं.
कल्ले, मांस, जठर, सगळं.
जे उरतं ते मी मोजते.
क्रमांक बावीस: निळा धागा, दोरखंडाचा.
पांढरे कण तीन.
एक लालसर, कशाचा कळत नाही.

त्याच दोरीवरच्या भावंडांची आतडी
उणे ऐंशीत गोठवून सेऊलला जातात
आणि यादी होऊन परततात.
यंदा यादीत जुनी नावं विरळ.
नवी आलीत, कणांवर बसून,
होडकी करून यावीत तशी.
त्यांतली दोन मला परीक्षेपासून आठवतात,
चांगल्या कारणासाठी नाही.

मग मरतात का?
नाही. टच्च भरलेली असतात. वजनाला चांगली.
मग?
मला सांगता येईना.
हातमोजे पिळत तिनेच सांगितलं:
आमच्या गल्लीसारखं.
घरं आहेत, रात्री दिवेही लागतात,
पण मीठ मागायला जावं
असं दार उरलं नाही.

बाबांच्या दोरांवर एकशे चाळीस बोये, थर्माकोलचे.
सरकार टणक बोये देतं, अर्ध्या किमतीत.
बाबा म्हणतात, पुढल्या वर्षी.
जुने उन्हात पिचतात, एकमेकांना घासतात,
वाऱ्याच्या दिवशी आमच्या खाडीत
गारा पडून गेल्यासारखं दिसतं.
चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येकावर
ते नारिंगी पट्टा ओढतात.
फाटकाचा उरलेला रंग,
मी पाचवीत असताना आणलेला.

क्रमांक सत्तावीस.
भिंगाखाली पांढरा कण,
एका अंगाला नारिंगी.
मी फार वेळ बघत राहिले.
कडी दिसली, गंजलेली,
मी लोंबकळायचे ती आडवी पट्टी दिसली.

वहीत लिहिलं:
फोम, पांढरा, अर्ध्या मिलिमीटरहून लहान, एक बाजू रंगीत.
शेवटचा रकाना उगमाचा असतो.
तिथे लिहिलं, अज्ञात.

रविवारी जेवताना बाबांनी विचारलं,
किती मोजलेस?
तीस कालवं, मी म्हटलं.
त्यांनी ते विचारलं नव्हतं.
त्यांनाही ते ठाऊक होतं.

ताटातलं सर्वांत टपोरं
त्यांनी माझ्या वाटीत सरकवलं, वर तिखट चटणी.
मी चावलं नाही.
तसंच जाऊ दिलं.
थंड, खारट,
आणि शेवटी, नेहमीसारखंच,
जरा गोड.