रिकामा दांडा

कोपरखैरण्यात, सेक्टर पाचला, पिठाच्या गिरणीवर जिम आहे.
खालून गरम गव्हाचा वास येतो
आणि गिरणीचा पट्टा फिरू लागला
की आरसे बारीक थरथरतात,
त्यांतली मीही.

पहिल्या दिवशी तन्वेश म्हात्रेने हातात झाडूचा दांडा दिला.
काकू, आधी हा उचला.
म्हटलं, तीस वर्षं हाच उचलतेय बाबा.
तो हसला नाही.
म्हणाला, मग आता नीट उचला.

मनगट मोडलं होतं त्याआधी, बाथरूममध्ये,
साबणाच्या एका चकतीवरून.
डॉक्टरीणबाईंनी हाडांचा रिपोर्ट उजेडात धरला,
चाळणीतून पाहावं तसं पाहिलं,
आणि चोपन्नाव्या वर्षी मला सांगितलं
वजन उचला, शालनताई, वजन.

घरी सांगितलं तर आबा खोकला लागेपर्यंत हसले.
उचलायचे पैसे मिळतात गं पोरी,
उचलायला पैसे कोण देतं?

आबा माथाडी. मसाला मार्केट, तुर्भे.
मिरचीच्या गोण्या वाहून घरी आले
की आम्ही तिघं भावंडं रांगेत शिंकायचो
आणि आई म्हणायची, आले.
त्यांच्या मानेमागे लिंबाएवढी गाठ आहे,
लहानपणी तिच्यावर बोट ठेवून मी झोपायचे.

तन्वेश सांगतो, स्नायू विश्रांतीत वाढतो.
म्हणून आपले वार तीनच. मंगळ, गुरू, शनी.
मधले दिवसही व्यायामाचेच समजा.
हे मी आबांना सांगितलेलं नाही.

वही ठेवलीय, दुधाच्या हिशोबाची, उलट्या बाजूने.
रिकामा दांडा, पाच वेळा. (रिकामा म्हणजे वीस किलो,
हे मला हात लावल्यावर कळलं.)
पंचवीस.
पंचवीस.
पंचवीस. गुडघा कुरकुरला.
नणंदेकडे बारसं, गेले नाही.
ताप.
ताप.
पुन्हा वीसवर. लाज वाटली, दोन मिनिटं.
आज नुसती जाऊन आले, पंधरा मिनिटं, तेही लिहिते.
साडेसत्तावीस.
अख्ख्या वहीत एकही पान
कुणाला दाखवावं असं नाही.
पण मागच्या आश्विनात मी माळ्यावरून
पितळेचा हंडा एकटीने खाली काढला
आणि काढून झाल्यावर लक्षात आलं
की कुणाला हाक मारली नव्हती.

पन्नास उचलले त्या संध्याकाळी आबांना सांगितलंच.
पन्नास? ते म्हणाले,
आमची म्हातारपणातली गोणी पन्नासाची.
जवानीतली शंभराची.
मग बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिले, आवाज बंद होता.
श्वास कुठं धरतेस?
मी छातीवर हात ठेवला.
खुळी, म्हणाले, आणि खुर्चीत बसल्या बसल्या
माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर दाबला.
एक्याऐंशी वर्षांचं पोट
घागरीसारखं भरलं, घट्ट झालं,
आणि आतून काहीतरी उचललं गेलं.
हितं. हितं धर. मग कंबर तुझी नाही मोडायची.
माझी मोडली ते निराळं,
आमाला खाली ठेवायची उसंत नव्हती.

आता वहीत त्यांचाही रकाना आहे.
खुर्चीतून उठणे, पाच वेळा, हात न टेकता.
तीनदा ते न टेकता उठतात.
उरलेल्या दोनदा मी गॅसकडे बघते.

आज गुरुवार. अजिबात जावंसं वाटेना.
ऑफिसात पाणीपट्टीची गर्दी, चहाही गार प्यायले,
घरी येऊन भिंतीला टेकून बसले ती बसलेच.
आबांनी काही म्हटलं नाही,
काठीने माझ्या चपला पुढे सरकवल्या.
आधी एक. मग, बऱ्याच खटपटीने, दुसरी.

गिरणी बंद होती.
आरसे गप्प, गव्हाचा वास कालचा.
सहाव्या वेळी मीच थोडी थरथरले,
दांडा हळू खाली ठेवला,
पेन शोधलं.