दोन भोकं

फुलेवाडी रिंगरोडला, सुबराव चौगलेंच्या नव्या बाथरूममध्ये
मी ड्रिल खाली ठेवतो आणि विचारतो,
व्हेंटिलेटर कुठं गेला?

तिथं आता प्लायवूड, कडेनं सिलिकॉनची नीट ओळ.
"डिसेंबरात गार वारं येतंय हो. शिवाय डास."
टाइल्स निळ्या, एकेक निवडून आणलेल्या.
"भोक पाडू नका तेवढं. गीझर आत बसवा, झालं."

गुडघ्यावर बसून दाराखालची फट मोजतो.
अर्धा इंच. पायपुसणं टाकलं की तीही संपली.

माझा बाप बावड्याच्या गुऱ्हाळात जळव्या होता.
चुलवाणापुढं उकिडवा, भुवया कायमच्या करपलेल्या,
चिपाड सारत म्हणायचा,
आगीला दोन दारं ठिवावीत, केरबा.
एक यायचं, एक जायचं.
जायचं बुजलं की ती घरातच ऱ्हाती
आणि तुझ्या वाटणीचा वारा खाती.
गुळव्याला काहिलीतला फेस कळायचा,
बापाला धुराड्याचा आवाज.

चौगलेंना हे सांगत नाही. त्यांना सांगतो,
गॅसला वास असतो, तो हाक मारून येतो.
जळून जे उरतं त्याला वास नाही, रंग नाही,
डोळ्यांत पाणीसुद्धा आणत नाही.
अंघोळ करणाऱ्याला नुसती झोप येते.

"मेव्हण्याकडं धा वर्षं हाय तसलंच. काय झालं न्हाय."

काय झालं न्हाय.
शाहूपुरीत मीही एकदा असाच होय म्हणालो,
पाइप न लावता, तीनशे रुपये कमी करून.
दार फोडलं तेव्हा तेजश्रीच्या केसांत शाम्पू तसाच होता.
वाचली. बँकेत लागली.
रस्त्यात दिसली की हसते,
आणि तिला माझं नाव आठवेपर्यंत
हातातली पिशवी जड होत जाते.

वहिनी दारात उभ्या. कधीपासून, कोण जाणे.
"पाडा भोक," म्हणतात. "टाइल मी निवडलीया."

कोअर कटर फिरतो. पाणी, निळा चिखल,
मग अचानक उजेडाची चार इंची चकती
आणि पलीकडं ऊस.

पाइप आधी सरळ वर, मग एकच वळण,
बाहेर जाताना किंचित उतार, पावसाचं पाणी आत नको.
शेजारच्या खिडकीपासून लांब.
आपला धूर दुसऱ्याच्या उशाला कशाला?
टोपी उद्यमनगरातल्या मुबारक शिकलगारनं वळून दिलेली,
तिला जाळी मोठ्या भोकाची. बारीक जाळी
जळमटानं बुजते, आणि जाळीच नसली
तर कबुतराला काय, आयतं घर.
दाराला खाली जाळीची पट्टी.
प्लायवूड शेवटी काढला; सिलिकॉन सोडता सोडत नव्हतं.

पाणी चालू करतो. ज्योत निळी.
उदबत्ती मागितली तर वहिनी देवघरातली आणतात,
सवयीनं गीझरला एकदा ओवाळतात.
धूर क्षणभर उभा राहतो,
मग हुडाच्या कडेला वाकतो
आणि आत शिरतो, कुणी बोट धरून नेल्यासारखा.
मी पाइपापाशी कान नेतो.
वडतंय, बाप म्हणाला असता.

चौगले दाराच्या जाळीपुढं पाऊल धरून बघतात.
"गार लागतंय."
लागू दे, म्हणतो मी,
आणि बिलावर लिहितो, भोकं दोन,
आणि खाली, पेन चालेना म्हणून दोनदा गिरवून,
पायपुसणं इथं टाकू नये.