लेबलांचे थर

नखलेच्या दुकानात मी लेबलं चिकटवते.
त्रिपोलीचं अल-मीना, दोन गल्ल्यांपलीकडे समुद्र.
हातात भाव ठोकायची बंदूक. टक्, टक्.
सकाळी एक आकडा, दुपारी दुसरा;
नखले मोबाईलवर डॉलर बघतो
आणि लांबूनच बोटं दाखवतो.

आधी जुनं लेबल खरवडून काढायचो.
पुढे तेवढीही सवड उरली नाही,
थरावर थर चढले.
दुधाच्या पावडरीचा हा एक डबा
बुडाला गंज चढला म्हणून कुणी नेला नाही.
आज वीज नाही, गिऱ्हाईक नाही.
मी नखाने सोलत बसलेय.

वरचं लेबल: शून्यं मावलेली नाहीत,
शेवटचं अर्धंच छापलंय.
त्याखालचं, बद्रिया अर्धा डबा मागायला आली तेव्हाचं.
कॉफीच्या तराजूवर तोलून दिली होती पावडर,
चमच्याला चिकटलेली तिने बोटाने पुसून घेतली.
त्याखालचं माझ्या हाताचं, पेनाने.
बैरूतचं बंदर उडालं तो आठवडा,
ठोक व्यापाऱ्याचा फोन नुसता वाजायचा,
भाव आम्हीच ठरवला, अंदाजाने, भीतीने.

अजून खाली, बँकांनी शटर ओढलं ते दिवस.
वहीब मास्तर एकतीस वर्षं भूगोल शिकवत होते.
काचेमागची पोरगी त्यांना म्हणाली,
पैसे आहेत ना, हे बघा, तुमच्याच नावावर;
फक्त देता येत नाहीत.
दुसऱ्या दिवसापासून घडीची खुर्ची घेऊन
मास्तर बँकेसमोर बसायला लागले.
रागावत नाहीत. नुसते बसतात.
पाऊस आला की खुर्ची मिटून आमच्या दारात येतात.

आणि मग तळाचं लेबल. पिवळं पडलेलं.
अठरा हजार लिरा.

तेव्हा दीड हजाराला एक डॉलर,
वर्षानुवर्षं, खिळा ठोकल्यासारखा.
खिळा कशात ठोकलाय, ते कुणी पाहिलं नाही.
बँक पंधरा टक्के द्यायची,
नव्याचे पैसे जुन्याला,
सरकार बँकेकडून घ्यायचं, बँक आमच्याकडून,
आणि आम्ही? आम्ही पेढीवरून सरळ
हलवायाकडे जायचो. मीसुद्धा.
दोन बांगड्या मोडून ठेवल्या होत्या.
व्याज जमा झालं त्या दिवशी
गल्लीभर बकलावा वाटला,
आणि बद्रियाच्या सासूने विचारलं होतं,
काय गं इन्साफ, एवढं पिकतं तरी कुठे?
आम्ही हसलो. म्हातारीला हिशेब कळत नाही, म्हणालो.

पत्रा उघडा पडला.
त्यावर कारखान्याने छापलेली मुदतीची तारीख,
तेवढी मात्र कुणी बदलली नव्हती.
उलटून किती महिने झाले, मोजले नाहीत.

दारात बद्रियाचा थोरला.
त्याने डबा पाहिला, भाव वाचला,
खिशातून वीस हजारांची नोट काढली
(हल्ली तिच्यात काडेपेटीही येत नाही)
गल्ल्यावर सपाट केली, हाताने इस्त्री करावी तशी,
आणि उरलेल्या दोन हजारांसाठी
उभा राहिला.

नखले आतून विचारतोय,
कितीला लावलास गं?