पांढरी भिंत

लोटन फेगडे आज चौथ्यांदा फोटोला आला.
तीस वर्षं सावद्याहून दिल्लीला केळी नेली त्यानं,
खिडकीकडचा उजवा गाल
डाव्यापेक्षा काळा.

"इराणला कान दिसले पाहिजेत,"
तो चिठ्ठी वाचतो,
"उझबेकला चष्मा नको,
आन् तुर्कमेनवाले म्हन्तात हसू नको."
मी म्हटलं, तू हसतोस कधी?

मेव्हण्याची जीप. आधी जहाजात, मग रस्त्यानं
समरकंद.
तिथं कोण आहे तुझं?
"फारममधे बी हेच इचारलंय," म्हणाला,
आणि ती ओळ अजून कोरीच आहे.

तारखांचं मात्र त्याला कोणी शिकवायला नको.
"तुर्कमेनचे पाचच दिवस.
इराणचा शिक्का घाईनं मारून घेतला
तं दुसरा येईपर्यंत पहिला सडला.
घड हिरवाच उतरवा लागतो, भाऊ.
पिवळा व्हायचा तो मंडीत."

परवा वकिलातीचं पत्र आलं :
आपण परत याल, याचा पुरावा जोडा.
सातबारा जोडला, पासबुक जोडलं,
सिंधूबाईचं आधार कार्डसुद्धा.
तरी रात्री दुकानाच्या पायरीवर बसून राहिला :
"नऊशे खेपा रिकामी गाडी घेऊन परत आलो मी.
त्याचा दाखला कोन देईन?"

मी दिवे लावले.
स्टुलावर बसवलं. हनुवटी खाली. हलू नको.
बटण दाबणार तोच
त्याचा उजवा हात कोपरातून वाकला
आणि टेकला
जिथं खिडकी नव्हती तिथं.

कोपर चौकटीबाहेर गेलं.
फोटो चालला.