शेपटाचा चौकोन

उदगीरला डाळमिलच्या वर, पत्र्याच्या खोलीत
मुख्तार सरांचे तीन संगणक होते. चालायचा एक,
तोही लाइट असेपर्यंत.
खाली मिल सुरू झाली की काच थरथरायची
आणि कीबोर्डवर तुरीचं पिवळं पीठ बसायचं.

पहिल्या दिवशी सरांनी काहीच शिकवलं नाही.
जुन्या सापाच्या खेळाचा कोड हातात दिला,
कडेला भोकं असलेला, न फाडलेला अकरा पानी पट्टा.
म्हणाले, पेन्सिल घ्या. साप चालतो कसा, तेवढंच सांगा.

आठवडाभर मी साप हलवणारी ओळ शोधली.
नव्हतीच.
रेवणसिद्ध म्हणाला, एखादं पान गहाळ असंल.

मग आमच्या गल्लीत नळाची पाइप फुटली,
काळ्या मातीचा नुसता रबडा,
आणि पलीकडची झरीना एका हातात दुधाचा कॅन धरून
चार विटांवरून आली:
मागची वीट उचलायची, पुढं टाकायची, तिच्यावर पाय.
मधल्या विटांना तिनं हातसुद्धा लावला नाही.
मी दारातूनच ओरडले,
अगं, साप हलतच नाही!
शेपटाचा चौकोन पुसला जातो, तोंडापुढं एक रंगतो.
चालतात ते आपले डोळे.

सर एवढंच म्हणाले, "बरं. मग ह्यो कामून मरालाय?"

मरत होता खरा.
लांब झाला, वळला, स्वतःच्या शेपटामागं निघाला,
समोरचं घर आता रिकामं होणार,
तेवढ्यात खेळ खलास.

चौकटीच्या वहीवर हरभरे मांडून
मी त्याला बावीस वेळा मारलं.
तेविसाव्यांदा शेवटचा दाणा उचलताना हात अडला.
आधी धडक बघतोय, शेपूट उचलतोय नंतर!
जो उठून निघालाय, त्याच्यावर आदळल्याची शिक्षा.
दोनच ओळी. खालची वर घेतली.

लाइट आली रात्री साडेनऊला.
साप शेपूट हुंगत गोल गोल फिरत राहिला,
आम्ही कुणीच त्याला खायला दिलं नाही, नुसते बघत बसलो.

ती चूक मुळातली, की सरांनीच पेरलेली,
मी अजून विचारलेलं नाही.

आता पगार घेऊन दुसऱ्यांचा कोड वाचते.
अडलं की टेबलावर हरभरे मांडते. नवी पोरं हसतात.
सुटलं की खाऊन टाकते.