वर्षांवरची लाट

गुरुवारी, जेवणाची बाकं भिंतीला टेकली की
त्याच हॉलमध्ये माझा स्पॅनिशचा तास.
ग्रेव्हीचा वास अजून उठून गेलेला नसतो.
वर क्रूस, खाली सत्तावीस मुलं,
आणि मी, जिचं स्पॅनिश
खिखोनच्या बंदरातल्या खानावळीत
दोन उन्हाळे कपबश्या विसळताना शिकलेलं.
शिव्या आधी आल्या, क्रियापदं नंतर.
हेडबाईंना हे ठाऊक नाही.

या महिन्यात आम्ही वय शिकतोय.
नीट ऐका, मी म्हणते,
आपण वर्षांचे असतो,
तिथे वर्षं आपली असतात.
तेंगो ओचो आन्योस.
माझ्यापाशी आठ वर्षं आहेत.

'कुठे ठेवायची, मिस?' टोबेना विचारतो.
तो असंच विचारतो. पहिल्या कबुलीजबाबाच्या तयारीत
त्याने विचारलं होतं,
पापं कमी पडली तर उसनी चालतात का.

थंडीसुद्धा त्यांच्यापाशी असते, भूक असते,
भीती असते, खिशात गोटी असावी तशी.
लुडविकाला हे फार आवडलं.
मधल्या सुट्टीत नदीवरून बोचरा वारा येत होता,
ती धावत आली, म्हणाली, मिस, तेंगो फ्रीओ,
आणि मूठ उघडून दाखवली:
रिकामी, लालभडक.

आता ती लाट.
आन्योसमधल्या एनच्या डोक्यावर एक लाट काढायची असते,
एवढीशी, मर्सीवरून फेरीबोट गेली की
काठाला येऊन लागते तेवढी.
विसरलात तर वर्षांचं भलतंच होतं.
होतो तो शरीराचा भाग,
ज्याचं नाव मला खिखोनमध्ये पहिल्याच आठवड्यात कळलं.
मी मुलांना सांगितलं नव्हतं. कशी सांगणार,
वर क्रूस.

धर्मप्रांताची तपासणी आली तेव्हा
भिंतीवर सत्तावीस चित्रं होती
आणि एकाही एनवर लाट नव्हती.
माझे पाय गार पडले.
बिशपांच्या कचेरीतल्या बाई 'किती गोड' म्हणत पुढे गेल्या.
सोबतचे फादर एवारिस्तो, मूळचे बोलिव्हियाचे,
थांबले.
पहिलं चित्र वाचलं. दुसरं वाचलं.
रुमाल तोंडाला लावला. खांदे हलत होते.
हेडबाई माझ्या कानात म्हणाल्या, गाव आठवलं असेल बिचाऱ्यांना.
मग त्यांनी खिशातून पेन काढलं
आणि वेदीपुढे रांगेत उभ्या मुलांच्या
कपाळावर क्रूस काढावा तसं
एकेका अक्षरावर लाट काढत निघाले.

शेवटचं चित्र फिनबारचं.
त्यात फिनबार नव्हताच.
रस्ता होता, पिवळा कोट, काठीवर गोल पाटी.
मिस्टर हेस्केथ. शाळेपुढे गाड्या थांबवून
मुलांना पलीकडे सोडायचे ते,
जानेवारीत गेले.
खाली लिहिलेलं:
सेन्योर हेस्केथ, त्यांच्यापाशी एकाहत्तर वर्षं आहेत.

फादर माझ्याकडे वळले.
मी हळूच म्हटलं, ते आता नाहीत.
आणि शिक्षिका असल्यामुळे पुढे म्हटलं,
भूतकाळ आम्ही सहावीत घेतो.
त्यांनी बराच वेळ पेन नुसतंच धरलं.
एक लाट सेन्योरवर काढली,
एक वर्षांवर.
क्रियापदाला हात लावला नाही.

पुढच्या गुरुवारी मी फळ्यावर माझं लिहिलं:
अठ्ठावन्न, लाटेसकट.
टोबेनाने आकडा दोनदा वाचला.
'एवढी? मग तुम्ही कुठे ठेवता, मिस?'
मला ते कुठल्याच भाषेत सांगता येईना.
हॉलभर ग्रेव्हीचा वास होता,
कोणीतरी बाकाखाली बूट आपटत होतं.
घंटेला चार मिनिटं बाकी होती.
म्हणजे, मी म्हटलं, हे लिहून घ्या,
आपल्यापाशी चार मिनिटं आहेत.