आत काय काय असतं

बुधवार. सावळजच्या उपकेंद्रात खुर्च्या सहा, बायका अकरा,
आणि एकच पुरुष, भूपाल मगदूम.
हातात कागद, घडी घालून घालून मऊ झालेला.
"मुजावर बाई, आधी हे वाचा. मग सुई."

द्राक्षावर मारायच्या औषधांची यादी असते
तशी नावं, एकाखाली एक:
ॲल्युमिनियम. फॉर्मलिन. पारा.
पाऱ्याखाली दोन रेघा.
मागं त्रिशला, मांडीवर दीड महिन्याची पोर,
नाव अजून ठरलेलं नाही, घरात नुसतं बाळी.

वीस वर्षं टोचतेय. लोक सुईला भितात,
हा यादीला भ्यालेला.
खरं सांगते, आधी रागच आला.
मग पाहिलं तर त्याच्या नखांत गंधकाची पिवळी रेघ.

म्हटलं, तुमची सासरवाडी भिलवडी.
पुराचं पाणी घागरीत घेऊन तुरटी फिरवता ना?
तिच्याच भावकीतलं हे, कणभर.
लशीला टोचल्या जागी धरून ठेवतं,
अंगातले राखणदार गोळा होईपर्यंत.

फॉर्मलिन घटसर्पाच्या विषाचा डंख मोडतं,
चेहरा तेवढा ठेवतं.
काम झालं की धुऊन काढतात; उरतं ते
बाळीचं स्वतःचं अंग बनवतं त्याहून कमी.
राखणदार तो चेहरा पाठ करतात.
एकदा बघून पाठ होत नाही,
म्हणून चार आठवड्यांनी परत, मग परत.

"आणि पारा?"
आहे, म्हटलं.
एका कुपीत दहा पोरांची लस, दहादा सुई आत जाते,
नासू नये म्हणून.
थर्मामीटर फुटल्यावर फरशीवर पळतो तो नव्हे;
हा वेगळा, अगदी थोडा, आणि अंगातून निघून जातो.

त्रिशला पहिल्यांदा बोलली, "जनावराचं काही?"
नववा महिना लागला की जी देतो, तिच्यात जिलेटिन असतं.
माझ्या आयानच्या वेळी मीही अडले होते,
दोन रात्री कागद घेऊन बसले, मग टोचून घेतली.
तुम्हीही बसा. अजून वेळ आहे.

एक सांगितलं नाही:
माझ्या आत्याचा नजीर, मिरजेच्या दवाखान्यात,
घशात करडी साय धरलेली, दुधावर धरते तशी.
भीती दाखवून मिळवलेला होकार
दुसऱ्या डोसापर्यंत टिकत नाही.

भूपाल कागदाकडं बघत म्हणाला,
"आम्ही द्राक्षं कशात बुडवतो, आम्हाला ठाऊक.
शेडमध्ये धुरी देताना पोरांना लांब ठेवतो.
खाणाऱ्यानं आजवर विचारलं नाही.
म्हणून मी विचारतो."

मी डब्यातली बर्फाची पिशवी काढून त्याच्या कानाशी हलवली.
आत पाणी वाजलं पाहिजे.
नुसता दगड असेल तर शेजारची लस गोठते,
गोठली की फेकायची.
त्यानं डोळे मिटून ऐकलं, पिकलं कलिंगड ऐकावं तसं.
"वाजतंय," म्हणाला,
आणि बाळीची मांडी स्वतः धरली.
ती ओरडली. अकराच्या अकरा बायका गप्प.

रात्री दहाला फोन. ताप शंभर.
लिहून दिलंय तेवढंच औषध, चमचाभर जास्त नको.
अंगावर घेत राहा, दूध पाजा.
शिकताना अंग तापतं.
पलीकडं बराच वेळ नुसता श्वास,
मग, "बरं. तुम्ही जाग्या आहात ना?"
होते.

चार बुधवारांनी आला, न बोलावता, वेळेआधी.
पुडीत बेदाणा, काळपट, सुरकुतलेला.
"घरचा. बिनगंधकाचा. दिसायला असाच."
आणि बाजारात जातो तो?
तो खुर्च्या मोजत राहिला.
मग कार्ड पुढं सरकवलं. नाव ठरलं होतं.
मी लिहायला घेतलं
तेव्हा बोटं चिकट झालेली,
पहिलं अक्षर जरा पसरलं.